घराण्याच्या नावापलीकडच्या दुर्गाबाई

राजा हरिश्चंद्राची राणी तारामती पडद्यावर पहिल्यांदा आली ती १९१३ साली, आणि तिच्या लुगड्यात अण्णा साळुंके नावाचे एक गृहस्थ होते. दादासाहेब फाळक्यांनी त्या भूमिकेसाठी बाई मिळावी म्हणून पुष्कळ खटपट केली होती. जाहिराती देऊन झाल्या, वेश्यावस्तीत जाऊन विचारून झालं. कोणी तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे साळुंके त्यांना सापडले. पुढं एकोणीस वर्षं गेली. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' लागला. हा मराठीतला पहिला बोलपट. त्यातली तारामती स्वतःच्या आवाजात बोलत होती, स्वतःच्या गळ्यानं गात होती. वय सत्तावीस, दोन मुलांची आई, नाव दुर्गा खोटे.

दुर्गाबाईंविषयी मराठीत लिहायला बसलं की पहिलं वाक्य जणू आधीच लिहून ठेवलेलं असतं : कुलीन, सुशिक्षित घराण्यातून सिनेमात आलेली पहिली स्त्री. हे वाक्य मी लहानपणापासून वाचत आलो आहे. शाळेच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ते होतं, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतही असतं. त्यात त्यांचा गौरव आहे हे खरं, पण त्या वाक्यानं त्यांचं मोठं नुकसानही केलं आहे. माणसाच्या पन्नास वर्षांच्या कामाची ओळख त्याच्या जन्मानं करून दिली की काम दिसेनासं होतं. दुर्गाबाई कोणाच्या कन्या आणि कोणाच्या सून होत्या हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांनी नटी म्हणून नेमकं काय केलं, हे विचारलं तर बहुतेक जण 'मुघल-ए-आझम'मधल्या जोधाबाईपाशी येऊन थांबतात.

मुळात ते 'पहिली'सुद्धा तपासून घ्यायला हवं. फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये १९१३ साली दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, या दोघींनी काम केलं होतं. पोटासाठी रंगभूमीवर आणि मग पडद्यावर उभ्या राहिलेल्या या मायलेकींच्या वाट्याला 'पहिली'चा मान क्वचितच येतो, कारण त्यांच्यामागं दुर्गा खोट्यांसारखं सॉलिसिटरचं घर नव्हतं. शिकलेल्या बायकांचं म्हणाल तर मोहन भवनानी यांच्या 'वसंतसेना' या मूकपटात एनाक्षी रामराव, नलिनी तर्खड आणि चक्क कमलादेवी चट्टोपाध्याय होत्या. भवनानी हे दिग्दर्शक सुशिक्षित स्त्रियांना सिनेमात आणण्याच्या मागंच होते, आणि दुर्गाबाईंना पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभं केलं तेही त्यांनीच. तेव्हा दुर्गाबाई आल्या त्या वाटेवर आधीच काही पावलं उमटलेली होती. त्यांचं वेगळेपण त्या आल्या कशा यात नाही. त्या टिकल्या कशा, यात ते आहे.

आता घराण्याचं सांगून टाकतो, म्हणजे पुढं जाता येईल. जन्म १४ जानेवारी १९०५, मुंबई. माहेर लाडांचं. मूळचं गोव्याकडचं गौड सारस्वत कुटुंब, घरात कोकणी, राहणं गिरगावात कांदेवाडीच्या मोठ्या एकत्र घरात. वडील पांडुरंगराव लाड नामवंत सॉलिसिटर, आई मंजुळाबाई. शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि मग सेंट झेवियर्स कॉलेजात. त्या काळच्या मराठी मुलीला हे दोन्ही दुर्मीळ. कॉलेजात असतानाच लग्न झालं, खोट्यांच्या तालेवार घरात. पती विश्वनाथ खोटे बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले इंजिनिअर. बकुळ आणि हरीन ही दोन मुलं झाली. आणि मग खोट्यांचं वैभव कोसळलं. ज्या सुनेनं आयुष्यात पैशाचा विचार केला नव्हता तिच्यावर मुलं वाढवायची वेळ आली, हाती कमाई नाही. पतीही लवकर गेले.

इथंच 'कुलीन घराण्यातली पहिली' हे वाक्य सगळ्यात जास्त फसवतं. ते वाचताना असं वाटतं की एक सुखवस्तू, धीट तरुणी कलेच्या ओढीनं रूढी मोडून निघाली. प्रत्यक्षात ही कामाच्या शोधात निघालेली बाई होती. दुर्गाबाईंनी स्वतः हे कधी लपवलं नाही. आपल्या आत्मचरित्रात त्या पैशाच्या गरजेविषयी इतक्या सरळपणे लिहितात की वाचणाराच थोडा अवघडतो.

पहिलं काम वाईट निघालं. १९३१चा 'फरेबी जाल' हा मूकपट बोलपटांच्या लाटेत लागला, म्हणून त्याला थोडासा बोलका भाग जोडलेला. दुर्गाबाईंची भूमिका छोटी होती, आणि आपण कोणत्या प्रकारच्या चित्रपटात आहोत याची त्यांना धड कल्पनाही नव्हती. जाहिरातीत मात्र माहेर-सासरच्या नावांचा वापर झाला. चित्रपट पडला, बोभाटा घराण्याचा झाला. गिरगावातल्या त्या वेळच्या ब्राह्मणी समाजात याचा अर्थ काय होता हे आज कल्पनेनंच समजून घ्यावं लागतं. लग्नाकार्यात, देवळात, जिन्यात भेटणारी माणसं काय बोलली असतील, आणि त्याहून अधिक काय न बोलता नजर वळवून गेली असतील! आजही सिनेमात गेलेल्या मुलीच्या घरी पहिला चित्रपट पडला की कुटुंब म्हणतं, झालं एवढं पुरे. १९३१ साली ते किती जोरानं म्हटलं गेलं असेल!

अशा वेळी कोल्हापूरहून बोलावणं आलं.

व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात कंपनी काढली होती. मूकपटांत त्यांचं नाव झालेलं. आता त्यांना बोलपट करायचा होता, आणि तोही एकाच वेळी मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत. कथा सगळ्यांना पाठ असलेली, फाळक्यांनीही जी पहिल्यांदा निवडली ती हरिश्चंद्राचीच. हरिश्चंद्राच्या भूमिकेला आणि संगीताला गोविंदराव टेंबे. टेंबे म्हणजे संगीत रंगभूमीतलं मोठं नाव. 'मानापमान'च्या चाली त्यांच्या, गंधर्व नाटक मंडळीत त्यांची भागीदारी. त्यांच्यासमोर उभी राहणार ती एकच फसलेला चित्रपट खात्यावर असलेली, नाटकाचा गंध नसलेली इंग्रजी शाळेतली तरुणी.

या जोडीचं वजन समजायला त्या काळच्या प्रेक्षकाच्या जागी बसायला हवं. मराठी माणसाच्या डोळ्यांतली नायिका तोवर बालगंधर्वांनी घडवलेली होती. स्त्रीनं कसं बसावं, पदर कसा सावरावा, लाजावं कसं आणि रडावं कसं, याची मापं एका पुरुषानं घालून दिली होती, आणि ती इतकी मोहक होती की घरच्या बायका त्यांचं अनुकरण करत. पडद्यावरच्या बाईला आता त्या मापात बसायचं की नवं माप घ्यायचं, असा प्रश्न होता. 'अयोध्येचा राजा' आज पाहिला तर याचं उत्तर मिळतं. ध्वनी खरखरीत आहे, टेंब्यांसह बहुतेक नट नाटकी लयीत, शेवटच्या रांगेला ऐकू जावं असं बोलतात. दुर्गाबाईही कुठं कुठं तसं बोलतात. पण त्यांचं अंग तसं बोलत नाही. उंच बांधा, ताठ मान, मोठे डोळे, आणि हालचालीत नखऱ्याचा लवलेश नाही. काशीत विकली गेलेली, गंगानाथाच्या घरी दासी म्हणून राबणारी तारामती त्या करतात तेव्हा राणीपण दागिन्यांबरोबर उतरून गेलेलं नसतं. बाबूराव पेंढारकरांचा गंगानाथ तिच्यावर वाईट नजर ठेवतो, त्या प्रसंगांत ती भेदरून कोपऱ्यात जात नाही. ती उभी राहते. बालगंधर्वांची कुठलीही नायिका अशी उभी राहिली नसती, आणि हे मी गंधर्वांविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणतो.

तांत्रिक अडचणींचा विचार केला की हे काम आणखी मोठं वाटतं. पार्श्वगायन अजून आलेलं नव्हतं, आपल्याकडं ते १९३५ पासूनचं. तेव्हा गाणं म्हणजे कॅमेऱ्यासमोर, मायक्रोफोन कुठंतरी आडोशाला लपवलेला असताना, अभिनय करता करता गायचं. मान वळली की आवाज पडायचा. वादक चौकटीबाहेर बसलेले. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि मराठीत जमलं की तोच प्रसंग हिंदीत. कोकणी बोलणाऱ्या घरातली, इंग्रजीत शिकलेली ही बाई दोन्ही भाषांतले उच्चार एकाच वेळी घोटत होती. चित्रपट गाजला. 'फरेबी जाल'चा डाग धुतला गेला असं सगळे म्हणतात. मला वाटतं त्याहून महत्त्वाचं हे, की दुर्गाबाईंना आपल्याला हे काम येतं हे कळलं.

त्याच वर्षी प्रभातनं 'माया मच्छिंद्र' काढला. त्यात त्या पुरुषांना हुकमात ठेवणाऱ्या स्त्रीराज्याच्या राणी होत्या, आणि राणीच्या शेजारी पाळलेला चित्ता. रडणाऱ्या तारामतीनंतर लगेच ही राणी. दुसऱ्या कोणाला प्रभातनं अशा लागोपाठ दोन टोकांच्या भूमिका दिल्या असत्या का, मला शंका आहे.

आता त्या गोष्टीकडं येतो जी मला दुर्गाबाईंच्या आयुष्यातली सर्वांत धाडसाची वाटते, आणि तिचा घराण्याशी काही संबंध नाही. तो काळ स्टुडिओंचा होता. नट-नट्या कंपनीत महिना पगारावर असत, कारकुनासारख्या. कंपनी सांगेल ती भूमिका, कंपनी सांगेल ते वेळापत्रक, दुसरीकडं काम करायचं नाही. त्यात सुरक्षितता होती. पहिल्या यशानंतर प्रभातच्या छत्राखाली राहणं हा सोपा रस्ता होता, विशेषतः दोन मुलं पदरात असलेल्या बाईला. दुर्गाबाई तशा राहिल्या नाहीत. १९३३ साली त्या कलकत्त्याला न्यू थिएटर्सच्या 'राजरानी मीरा'मध्ये दिसतात, दिग्दर्शक देवकी बोस, समोर पृथ्वीराज कपूर. १९३४ साली देवकी बोस यांचाच 'सीता', ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा, तो व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि त्याला मानपत्र मिळालं. १९३५चा 'इन्किलाब' बिहारच्या भूकंपाच्या पार्श्वभूमीवरचा. त्यात पृथ्वीराजांचा लहान मुलगा राज पहिल्यांदा पडद्यावर आला. मग १९३६ साली पुन्हा प्रभात. नंतर रणजित, अत्रे पिक्चर्स, प्रकाश पिक्चर्स, मिनर्व्हा मूव्हिटोन. या याद्या वाचताना कंटाळा येऊ शकतो, पण त्यातच मुद्दा आहे. त्या कुठल्याही कंपनीच्या नव्हत्या. प्रत्येक चित्रपटाचा करार वेगळा, प्रत्येक वेळी वाटाघाटी नव्या. पगारी नोकरी न धरता कामागणिक पैसे घेणारा नट ही पुढच्या काळात नेहमीची गोष्ट झाली. ते सुरू करणाऱ्या पहिल्या काहीजणांत दुर्गाबाई होत्या.

कंपनीला बांधलं जाण्याची किंमत काय असू शकते हे पाहायला लांब जायला नको. १९३९ साली शांता आपटे, प्रभातच्या 'कुंकू'ची नायिका, कंपनीशी करारावरून तंटा झाल्यावर पुण्यात प्रभातच्या दाराशी उपोषणाला बसल्या. देशभर नाव असलेली नटी, आणि तिला आपलं म्हणणं ऐकवायला फाटकात बसावं लागलं. दोघींचे स्वभाव अगदी निराळे. शांताबाई भांडल्या, दुर्गाबाई बांधल्याच गेल्या नाहीत. पण दोघी एकाच गोष्टीसाठी धडपडत होत्या : माझं काम माझं आहे, ते कुठं आणि कितीला करायचं हे मी ठरवीन. मराठी स्त्रीच्या नोकरी-व्यवसायाचा इतिहास लिहिताना शिक्षिका येतात, परिचारिका येतात, डॉक्टर येतात. या दोन नट्या क्वचितच येतात. यायला हव्यात.

१९३६चा 'अमर ज्योती' हा दुर्गाबाईंचा नायिका म्हणून सर्वांत मोठा चित्रपट असं माझं मत आहे. तोवर प्रभात कोल्हापूर सोडून पुण्याला आली होती. विधी महाविद्यालय रस्त्यावर ज्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, ते प्रभातचंच आवार. पुण्याच्या त्या माळावर शांतारामांनी समुद्र आणि गलबतं उभी केली. सौदामिनी ही बाई राज्याच्या कायद्याकडं न्याय मागायला जाते. तिचा मुलगा तिच्यापासून तोडला जातो, कारण कायद्यात आईला हक्कच नाही, मूल बापाचं. मग सौदामिनी समुद्रावर जाते आणि चाच्यांची म्होरकी होते. त्या राज्याची गलबतं लुटते, मंत्री दुर्जयचा सूड घेते. दुर्जय झाले होते चंद्रमोहन, त्यांचे ते घारे, पारदर्शक डोळे एकदा पाहिले की विसरत नाहीत. राजकन्या नंदिनी झाल्या होत्या शांता आपटे. संगीत मास्टर कृष्णरावांचं.

यातली सौदामिनी पाहताना मला सारखं जाणवतं की इथं अभिनय कुठं संपतो हे सांगता येत नाही. मुलांचा सांभाळ, कायद्यानं आणि समाजानं बाईला दिलेली जागा, पोट भरायला घराबाहेर पडल्यावर पडलेला शिक्का : हे सगळं त्या बाई स्वतः जगून आल्या होत्या. गलबताच्या फळीवर पाय रोवून त्या स्त्रियांच्या गुलामगिरीविषयी बोलतात तेव्हा संवाद पुस्तकी आहेत, लांब आहेत, पण आवाजात कडवटपणा नाही. त्या जागी थंड निश्चय आहे. कोणतीही दुसरी नटी तिथं डोळे वटारती. हा चित्रपटही पुढं व्हेनिसच्या महोत्सवात गेला. आपल्याकडं स्त्रीप्रधान चित्रपटांची चर्चा बहुधा १९७०च्या दशकापासून सुरू करतात. 'अमर ज्योती' १९३६चा आहे, हे त्या चर्चेत कोणीतरी एकदा ठणकावून सांगायला हवं.

त्यानंतर त्यांनी निर्मितीतही हात घातला. 'साथी' हा चित्रपट त्या काळातला. एका स्त्रीनं १९३०च्या दशकात चित्रपटामागं पैसा आणि नाव लावणं ही मोठी गोष्ट होती, पण त्यावर फार रेंगाळत नाही, कारण पुढचा टप्पा जास्त महत्त्वाचा आहे.

१९४१ साली आचार्य अत्र्यांच्या 'पायाची दासी'मध्ये दुर्गाबाई सासू झाल्या. वय छत्तीस. सून वनमाला. सुनेचा छळ करणारी, घरावर पोलादी पकड असलेली ही सासू. हिंदीत तोच चित्रपट 'चरणों की दासी'. आपल्याकडं नायिका म्हणून नाव असलेल्या बाईनं छत्तिसाव्या वर्षी स्वखुशीनं सासू होणं आजही होत नाही. नायक पन्नाशीत कॉलेजात जातो, नायिका पस्तिशीत घरी बसते. हा नियम तेव्हाही होता. दुर्गाबाईंनी तो वेगळ्या रीतीनं मोडला. तरुण दिसत राहायचा अट्टहास त्यांनी केला नाही, आणि घरीही बसल्या नाहीत. त्यांनी वयाला पुढं घेऊन भूमिका मोठी केली. या सासूसाठी बंगाल फिल्म जर्नालिस्ट्स असोसिएशनचा उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना मिळाला. पाठोपाठ १९४२ साली विजय भट्ट यांच्या 'भरत मिलाप'मध्ये त्या कैकेयी होत्या, आणि पुन्हा तोच पुरस्कार. तो चित्रपट रामाचा आणि सीतेचा म्हणून निघालेला, सीता होत्या शोभना समर्थ. लक्षात राहते ती कैकेयी. १९४३ साली सोहराब मोदींच्या 'पृथ्वी वल्लभ'मध्ये त्या मृणालवती. कन्हैयालाल मुन्शींच्या कादंबरीतली ही कठोर, संन्यस्त राजभगिनी कैदेत आलेल्या शत्रू राजाच्या तेजापुढं हळूहळू वितळते. मोदी म्हणजे संवादांचा गडगडाट. त्यांच्यासमोर आवाज न चढवता उभं राहता येतं हे दुर्गाबाईंनी तिथं दाखवलं.

सासू, कैकेयी, मृणालवती. सत्ता हवी असलेल्या, ती वापरणाऱ्या, चुकणाऱ्या बायका. माझ्या मते दुर्गाबाईंचं खरं क्षेत्र हे होतं. आणि ते पूर्णत्वाला गेलं ते पडद्यावर नव्हे, रंगभूमीवर.

गिरगावात केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघ आहे. बोलपटांनी नाटक मंडळ्या बुडवल्या होत्या, पडदे आणि सेट मातीमोलानं विकले जात होते, अशा दिवसांत डॉ. अ. ना. भालेराव यांनी संघाच्या नाट्यशाखेमार्फत मराठी नाटकाला पुन्हा उभं करायचं मनावर घेतलं. ज्या माध्यमानं नाटक मारलं त्याच माध्यमातली आघाडीची नटी इथं नाटकात काम करायला आली, यात मला फार मोठेपणा दिसतो. पैसे तिकडं होते, इथं तालमी होत्या. कृ. प्र. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त दुर्गाबाई आनंदीबाई झाल्या. नारायणराव पेशव्याच्या खुनामागची ही बाई मराठी मनात पक्की रुतलेली. तिला खलनायिका करणं सोपं. नानासाहेब फाटकांचा राघोबा आणि केशवराव दाते यांचा रामशास्त्री अशा दोन पहाडांमध्ये तिला उभं राहायचं होतं. १९५४च्या सुमाराला वि. वा. शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून लिहिलेल्या 'राजमुकुट'मध्ये त्या लेडी मॅकबेथच्या जागेवरच्या राणी झाल्या, दिग्दर्शक इंग्लंडचे हर्बर्ट मार्शल. कैकेयी, आनंदीबाई, लेडी मॅकबेथ या तिघी नवऱ्याच्या कानाशी लागून इतिहास वळवणाऱ्या. ओळीनं या तिन्ही भूमिका करणारी दुसरी मराठी नटी मला आठवत नाही. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला.

नाटकाचं हे दुर्दैव असतं की ते पाहिलेल्या माणसांबरोबर जातं. केळेवाडीच्या त्या गल्लीतून जाताना हे फार लागतं. पडद्यावरच्या दुर्गाबाई आपल्याला अर्ध्याहून अधिक तरी मिळतात. रंगभूमीवरच्या, ज्या कदाचित त्याहून मोठ्या होत्या, त्या मात्र वर्णनांतच उरल्या.

मग येते आईची लांबलचक मालिका. १९४६ साली प्रभातच्या 'हम एक हैं'मध्ये त्या निरनिराळ्या धर्मांची मुलं एकत्र वाढवणारी जमीनदारीण झाल्या. त्यातला एक मुलगा म्हणजे देव आनंद, त्याचा तो पहिलाच चित्रपट. तिथून पुढं साडेतीन दशकं हिंदी सिनेमाला आई, मावशी, आजी हवी असली की दुर्गाबाईंकडं माणूस जाई. यातल्या बऱ्याच भूमिका पोकळ होत्या, हे प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे. लेखकांनी त्या आयांना डोळे पुसण्यापलीकडं फारसं काम दिलं नाही. सौदामिनी केलेल्या बाईला देव्हाऱ्यासमोर हात जोडून उभं केलेलं पाहून मला वाईट वाटतं.

'मुघल-ए-आझम' मात्र त्यात धरायचा नाही. ५ ऑगस्ट १९६० रोजी तो लागला तेव्हा दुर्गाबाई पंचावन्न वर्षांच्या होत्या. के. आसिफ यांच्या पहिल्या चित्रपटात, १९४५च्या 'फूल'मध्येही त्या होत्या. अकबर म्हणजे पृथ्वीराज, 'राजरानी मीरा'पासूनचे साथी. मधुबालाचं सौंदर्य, दिलीपकुमारचं दबलं दुःख, पृथ्वीराजांची गर्जना, आरसेमहाल, गाणी, या सगळ्या डोलाऱ्यात जोधाबाईला बोलायला फार थोडं आहे. ती नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये उभी आहे. युद्धाला निघालेल्या अकबराच्या हाती तलवार देण्याचा प्रसंग पुन्हा पाहा. ती तलवार स्वतःच्या मुलावर उगारली जाणार, हे तिला माहीत. पृथ्वीराज शब्दांनी पडदा भरून टाकतात. दुर्गाबाई चेहरा जवळजवळ हलवत नाहीत, आणि तरी प्रेक्षक तिच्याकडं बघतो. मूकपटाच्या अखेरीस आलेली, बोलपटाच्या आरंभी गाजलेली, नाटकात आवाज कमावलेली नटीच असं गप्प राहू शकते.

कपूर घराण्याशी त्यांचं नातं पाहण्यासारखं आहे. पृथ्वीराजांची नायिका, राजच्या पहिल्या चित्रपटात सहकलाकार, १९६३ साली इस्माईल मर्चंट आणि जेम्स आयव्हरी यांच्या पहिल्या चित्रपटात, 'द हाउसहोल्डर'मध्ये, शशी कपूरची आई, १९७३च्या 'बॉबी'त राज कपूरच दिग्दर्शक आणि समोर पृथ्वीराजांचा नातू ऋषी. 'बॉबी'त त्या मिसेस ब्रगांझा, नायिकेची गोव्याची ख्रिश्चन आजी. गोव्याकडच्या सारस्वत घरातल्या बाईला ही भूमिका करताना गंमत वाटली असणार. 'द हाउसहोल्डर' आपल्याकडं फारसा कोणी पाहत नाही. दिल्लीत मुलाच्या नव्या संसारात लुडबूड करणारी ती आई पाहायला हवी. तिच्यात 'पायाची दासी'ची सासू दिसते, फक्त आता तिच्याकडं थोड्या प्रेमानं पाहिलं आहे. 'अभिमान'ची मावशी, 'बावर्ची'तली एकत्र कुटुंबाच्या गोंधळात वावरणारी बाई, आणि १९७४च्या 'बिदाई'तली आई, जिच्यासाठी फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, या भूमिकाही टिकतात. १९८०च्या 'कर्ज'मध्ये त्या मेलेल्या मुलाची वाट पाहणारी आई होत्या, आणि मुलाचा पुनर्जन्म म्हणून समोर पुन्हा ऋषी.

सरकारनं १९६८ साली पद्मश्री दिली, १९८३चा दादासाहेब फाळके पुरस्कारही मिळाला. पण मला त्यांच्या आयुष्यातला आणखी एक धागा जास्त बोलका वाटतो, आणि तो सत्कारांच्या भाषणांत क्वचित येतो. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात त्यांनी स्वतःची निर्मिती संस्था काढली. माहितीपट, लघुपट, जाहिरातपट. ज्या वयात नट्या आठवणी सांगतात त्या वयात या बाई कच्च्या फिल्मचे हिशेब बघत होत्या. ती पुढं 'दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स' म्हणून ओळखली गेली आणि घरातल्या पुढच्या पिढीनं ती चालवली. १९८८ साली दूरदर्शनवर आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतली आणि कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली 'वागले की दुनिया' आली, ती याच संस्थेची निर्मिती. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांचा तो मध्यमवर्गीय संसार पाहताना श्रेयनामावलीतलं हे नाव कितीजणांनी वाचलं असेल?

घरातलं दुःखही थोडं नव्हतं. धाकटा मुलगा हरीन अकाली गेला. त्याची पत्नी म्हणजे विजया जयवंत, पुढच्या विजया मेहता. मराठी रंगभूमीचं वळण बदलणाऱ्या या दिग्दर्शिका त्या घरात सून म्हणून आल्या होत्या. दीर नंदू खोटे रंगभूमी आणि मूकपटातले नट, त्यांची मुलं शुभा आणि विजू खोटे. कुलीन घराण्याला सिनेमानं बट्टा लागेल म्हणून १९३१ साली जे घाबरले होते, त्यांच्याच नात्यागोत्यात पुढं नट, दिग्दर्शक, निर्माते निघत राहिले.

'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र १९८२ साली आलं. २००६ साली शांता गोखले यांनी ते इंग्रजीत नेलं. मराठीत नट्यांची आत्मचरित्रं पुष्कळ आहेत. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' त्यांत सर्वांत धगधगीत आहे, आणि ती तुलना करू नये. दुर्गाबाईंचं पुस्तक थंड डोक्यानं लिहिलेलं आहे. त्यात त्या स्वतःवर दया करत नाहीत. सासरच्या घराची पडझड, पहिल्या चित्रपटाची नामुष्की, मुलांना आईचा वेळ न मिळाल्याची बोच, हे सगळं येतं. कामाविषयी लिहिताना मात्र वाक्यं बदलतात, त्यांत चव येते. दिग्दर्शक कसा होता, सहकलाकारानं काय केलं, दिव्यांचा ताप, प्रवास, तालमी. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला अर्ध्या शतकापूर्वीचा चित्रीकरणाचा दिवस असा आठवतो.

२२ सप्टेंबर १९९१ रोजी दुर्गाबाई गेल्या. त्यांचे प्रभातचे चित्रपट आज सहज पाहायला मिळतात. नव्या पिढीतल्या कोणी सुरुवात करायची असेल तर माझं सांगणं आहे की जोधाबाईपासून करू नये. 'अमर ज्योती' आधी पाहावा, मग 'पृथ्वी वल्लभ', आणि 'मुघल-ए-आझम' शेवटी; तेव्हा पंचावन्न वर्षांच्या त्या राणीच्या गप्प चेहऱ्यामागं कोण कोण उभं आहे ते दिसेल.